बोडी, होडी आणि लाल रेघ

मराठीच्या अध्यापकाच्या हातातली लाल शाई आता बरीचशी यंत्राच्या हाती गेली आहे. पूर्वी ती शाई कोणाची आहे हे विद्यार्थ्याला ठाऊक असे. तिच्याशी वाद घालता येई, निदान तिच्यावर रुसता तरी येई. संगणकाच्या पडद्यावर शब्दाखाली उमटणाऱ्या नागमोडी रेघेला मात्र नाव नाही आणि गावही नाही. ती कोणाच्या वतीने उमटते, तिच्यामागे कोणता ग्रंथ उघडलेला असतो, त्या ग्रंथात काय आहे आणि काय नाही, हे प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही मराठी शिकवतो. ही रेघ आमच्या विभागाच्या संगणकावर आम्ही स्वतःच बसवून घेतली, आणि ती बसवता बसवता ह्या प्रश्नांची थोडीबहुत उत्तरे हाती आली. वाङ्मयाच्या अभ्यासकांना ती सर्वस्वी परकी वाटणार नाहीत, अशी आमची समजूत आहे.

निमित्त महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे होते. एके काळी विद्यार्थ्यांचे हस्तलिखित छापखान्यात जाई आणि तेथे एखाद्या विशिष्ट फाँटात जुळवले जाई. त्या जुन्या फाँटांची गंमत अशी होती, की पडद्यावर दिसायला देवनागरी असली तरी यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असत. फाँट काढून घेतला की कवितेची अगम्य चिन्हावली होई. असा मजकूर यंत्राच्या लेखी मराठी नव्हताच. मग त्याचे शुद्धलेखन तपासणार कोण? १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि पुढे तो संकेत घराघरांतल्या यंत्रांत रुळला तेव्हा कोठे मराठी शब्द यंत्राला ‘शब्द’ म्हणून ओळखता येऊ लागला. आज आमचे विद्यार्थी आपापले लेख स्वतःच टंकून आणतात. ते तपासण्यापूर्वी यंत्राने एक हात फिरवावा, एवढ्या माफक अपेक्षेने आम्ही लिब्रेऑफिस ह्या मुक्त लेखनप्रणालीला मराठी शुद्धलेखनाच्या कोशाची जोड द्यायचे ठरवले.

बसवण्याचे काम तसे दोन मिनिटांचे. ‘ओएक्सटी’ असे शेपूट असलेली एक छोटी फाइल उतरवून घ्यावयाची. ‘टूल्स’खालच्या विस्तारांच्या खिडकीत जाऊन ‘अ‍ॅड’ म्हणावयाचे. परवान्याचा मजकूर मान्य करावयाचा. प्रणाली बंद करून पुन्हा उघडावयाची. परंतु जोड बसणे वेगळे आणि ती लागू होणे वेगळे. आम्ही एक निबंध उघडला, तर ‘आणि’, ‘आहे’, ‘नाही’ ह्यांच्यासकट जवळजवळ सगळा निबंध लाल रेघांनी भरून गेला. कारण सरळ होते. ही प्रणाली जगातल्या लिप्यांचे तीन गट करते: पाश्चात्त्य, आशियाई आणि तिसरा ‘संयुक्त मांडणी’च्या लिप्यांचा. आपण भारतातले असलो तरी मराठी ‘आशियाई’त मोडत नाही, त्या गटात चिनी, जपानी आणि कोरियन आहेत. मराठी मोडते तिसऱ्या गटात, आणि आमच्या यंत्रावर त्या जागी आधीपासून हिंदी निवडलेली होती. देवनागरी दिसली की यंत्र ती हिंदी समजे आणि हिंदीच्या कोशात ‘आणि’ शोधत बसे.

ह्याला यंत्राचे अज्ञान म्हणून हसण्यात अर्थ नाही. लिपीवरून भाषा ओळखता येत नाही, एवढेच ते सांगत होते. आमचा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्याआधी मध्यप्रांत-वऱ्हाडात. उत्तरेची हद्द ओलांडली की आजही मध्य प्रदेशच लागतो. एकाच लिपीत दोन भाषा लिहिणाऱ्या मुलखात ‘हा मजकूर कोणत्या भाषेतला?’ हा प्रश्न कारकुनालाही पडत आला आहे. तिसऱ्या गटापुढच्या यादीत आम्ही ‘मराठी’ निवडली. तेथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ही निवड नव्या मजकुरापुरती असते. आधी टंकलेला मजकूर आपल्या भाषेची खूण स्वतःबरोबर वागवीत असतो. तेव्हा जुने लेख उघडून, सगळा मजकूर निवडून, त्याची भाषा नव्याने सांगावी लागते. ते केल्यावर बहुतेक रेघा ओसरल्या. ज्या उरल्या, त्यांच्यासाठी हा लेख.

उरलेल्या रेघा समजून घेण्यासाठी त्या जोडीच्या पोटात डोकावणे आले. ‘ओएक्सटी’ फाइल म्हणजे मुळात एक झिप गठडी. शेपूट बदलून ती उघडली की आत दोन महत्त्वाच्या साध्या मजकूर-फाइली सापडतात. एकीत शब्दांची यादी असते, एका ओळीवर एक शब्द, आणि पहिल्या ओळीत शब्दसंख्येचा आकडा. दुसरीत प्रत्ययांचे नियम असतात: शब्दाच्या शेवटून काय काढायचे, त्याजागी काय लावायचे आणि कोणत्या शेवटाच्या शब्दांना हे लागू करायचे. ह्या दोन फाइली वाचून शब्द तपासणाऱ्या यंत्रणेचे नाव हनस्पेल. ती लास्लो नेमेथ ह्या हंगेरियन माणसाने घडवली, आणि हे केवळ योगायोगाने झालेले नाही. हंगेरियन भाषेत एका नामाला प्रत्ययांमागून प्रत्यय चिकटत जातात; प्रत्येक रूप यादीत लिहायचे ठरवले तर यादीला अंतच नाही. इंग्रजीसाठी रचलेली तपासणी तेथे अपुरी पडली, म्हणून प्रत्ययांना सामावून घेणारी ही यंत्रणा जन्माला आली.

मराठीची अडचण ह्याच जातीची आहे. ‘घर’ हा एक शब्द घ्यावा. घराला, घराने, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांना, घरातल्यांनाही. आणि शब्दयोगी अव्यये जोडून लिहिण्याचा आपला रिवाज असल्यामुळे घरासमोर, घरासाठी, घराबद्दलसुद्धा. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त सामान्यरूपाचा जो पसारा मांडला, तोच पसारा येथे काढा-लावाच्या ओळींत मांडावा लागतो. फरक इतकाच, की वाचकाला ‘इत्यादी’ म्हणून सांगता येते; यंत्राला ‘इत्यादी’ कळत नाही.

ह्या पसाऱ्यातले सर्वांत गमतीचे प्रकरण ‘ऱ’चे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावणे वेगळे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे वेगळे. रफार आणि हा पापणीसारखा अर्धा र ह्यांतला भेद मराठीने जपला, हिंदीला त्याची गरज पडली नाही. युनिकोडमध्ये ही पापणी दोन वाटांनी लिहिता येते. एक वाट म्हणजे नुक्त्याचा स्वतंत्र ऱ, ज्याचा क्रमांक ०९३१, त्याला हलन्त जोडून. दुसरी वाट म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. छापली तरी सारखीच छापली जातात. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. कोशात एका वाटेने लिहिलेला ‘शेतकऱ्याचा’ असेल आणि विद्यार्थ्याने तो दुसऱ्या वाटेने टंकला असेल, तर जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या ग्रंथाच्या नावाखालीही लाल रेघ येते. ‘अ‍ॅ’चेही असेच दुहेरी प्रकरण आहे, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली, तोवर लोकांनी अ आणि चंद्र ह्यांची जुळणी करून भागवले होते. अशा ठिकाणी विद्यार्थ्याला ‘तुझे शुद्धलेखन चुकले’ असे सांगणे सरळ अन्याय आहे. त्याचे काहीही चुकलेले नसते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ऱ मिळतो. तो सगळ्यांनी वापरावा असे आम्ही सांगितले, म्हणजे निदान आमच्या अंकापुरती एकवाक्यता आली.

आता मूळ प्रकरणाकडे वळतो. एका विद्यार्थिनीने आपल्या आजोबांवर लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य असे होते, की त्या वर्षी आजोबांच्या बोडीत पाणी उरले नाही आणि पऱ्हे जागेवरच करपले. लेखाची दुसरी प्रत आमच्याकडे आली तेव्हा त्या वाक्यात ‘होडीत पाणी उरले नाही’ असे झाले होते आणि ‘पऱ्ह्यां’च्या जागी ‘रोपे’ आली होती. विचारले तेव्हा ती म्हणाली, “सर, खाली लाल येत होतं. मला वाटलं, असा शब्दच नसेल. आमच्या घरीच म्हणत असतील.” यंत्राने ‘बोडीत’खाली रेघ ओढली होती आणि सुचवण्यांच्या यादीत ‘होडीत’ आणि ‘गोडीत’ ठेवले होते. तिने त्यातल्या त्यात पाण्याशी नाते सांगणारा शब्द निवडला. तिच्या निवडीत तर्क होता. आजोबांचे तळे मात्र नाव होऊन गेले, आणि होडीत पाणी नसणे ही तर चांगलीच बातमी ठरली.

बोडी म्हणजे काय, हे ह्या भागाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीपासून येथे कोहळी समाजाने धानासाठी तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ते ‘माजी मालगुजारी’ झाले. लोकांनी त्याचे ‘मामा तलाव’ केले. त्या मोठ्या तलावांच्या गोतावळ्यातले धाकटे भावंड म्हणजे बोडी. शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेले, एखाद्या घराच्या चार बांध्यांना पुरेल इतके पाणी. येथे ‘शेत’ म्हणून भागत नाही. बांधी म्हणजे चहूबाजूंनी धुरे असलेला, पाणी धरून ठेवणारा धानाचा तुकडा. पऱ्हे म्हणजे रोवणीसाठी वाढवलेली धानाची कोवळी रोपे. कापून पसरलेल्या धानाच्या त्या कडपा, आणि रचून ठेवलेले ते पुंजणे. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत हे शब्द जूनपासून डिसेंबरपर्यंत सतत दिसतात. पीकविम्याच्या तक्रारीतही येतात. म्हणजे ते ‘घरीच म्हणत असतील’ असे मुळीच नाहीत. ते केवळ त्या एका यादीत नाहीत.

यादी आणि कोश ह्यांत भेद करायला हवा, असे आम्हांला ह्यावरून वाटू लागले. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात शब्दाचा अर्थ मिळतो, छटा मिळते. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात शब्दापुढे तो वऱ्हाडी की नागपुरी, कोकणी की गोमंतकी ह्याची खूण सापडते. अशा कोशात शब्दाला गाव असते. शुद्धलेखनाच्या जोडीतल्या यादीत शब्द एक तर असतो किंवा नसतो. अर्थ नाही, खूण नाही, मधली जागा नाही. ज्या स्वयंसेवकांनी विनामूल्य खपून ती तयार केली, त्यांना ह्यात दोष देता येणार नाही. जे छापील मजकूर संगणकावर उपलब्ध होते त्यांतून शब्द गोळा होणार, आणि तो मजकूर ज्या प्रदेशांतून अधिक लिहिला गेला तेथलेच शब्द अधिक येणार. प्रमाणभाषेच्या केंद्राची आणि परिघाची जी चर्चा आपण वर्गात अमूर्तपणे करतो, ती ह्या यादीत वर्णानुक्रमे लावलेली आढळते.

शुद्धलेखन नको, असा ह्याचा अर्थ कोणी काढू नये. ‘परिक्षा’खाली रेघ यायलाच हवी, तेथे यंत्र आमचेच काम करते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली चारांची भर आम्ही शिकवतो आणि पाळतो. पण त्या नियमांनीही पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहिण्यास मोकळीक ठेवलेली आहे. नियम करणाऱ्या माणसांना कथा-कादंबऱ्या ठाऊक होत्या. ‘परिक्षा’ आणि ‘बोडी’ ह्यांखालच्या रेघा दिसायला सारख्या असल्या तरी पहिली सांगते, ‘हा शब्द असा लिहीत नाहीत’, आणि दुसरी सांगते, ‘हा शब्द मला ठाऊक नाही.’ पहिली रेघ विद्यार्थ्याविषयी बोलते, दुसरी यंत्राविषयी. हा भेद एकदा समजला की विद्यार्थी रेघेला भीत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

तरीही नुसते समजावून भागणार नव्हते. कोश वाढवायला हवा होता. लिब्रेऑफिसमध्ये स्वतःचा शब्दकोश उघडण्याची सोय आहे. भाषेच्या पर्यायांत ‘रायटिंग एड्स’ उघडावे, ‘न्यू’ म्हणावे, नाव द्यावे आणि भाषा मराठी निवडावी. ‘सर्व भाषा’ असे ठेवले तर पुढची महत्त्वाची सोय मिळत नाही. कोशाला आम्ही ‘झाडी’ असे नाव दिले; वैनगंगेच्या ह्या वनप्रदेशाचे ते जुने नाव. ती महत्त्वाची सोय २०१८ च्या सहाव्या आवृत्तीपासूनची आहे. नवा शब्द घालताना शेजारच्या चौकटीत एक ओळखीचा शब्द द्यावयाचा: हा नवा शब्द त्या शब्दासारखा चालतो. मूळ जोडीत त्या नमुन्याच्या शब्दाला प्रत्ययांचे नियम लावलेले असले, तर नव्यालाही ते लागतात. ‘बोडी’ला आम्ही ‘गाडी’ दिली. मग बोडीला, बोडीत, बोड्या अशी रूपे एकेक करून घालण्याची गरज उरत नाही. ज्यांनी संस्कृतचे तास अनुभवले आहेत त्यांना हे परके वाटू नये. ‘राम’ चालवून दाखवला की ‘देव’ तसाच चालवायचा, हीच ती रीत.

नमुना निवडताना मात्र कान जागा हवा. बांधी गाडीसारखीच चालते, तिथे काही अडत नाही. ‘धुरा’ला एका विद्यार्थ्याने ‘घोडा’ सुचवला: घोडा, घोड्यावर, धुरा, धुऱ्यावर. दिसायला बिनतोड. पण घोड्याच्या नियमाप्रमाणे शेवटचा काना काढून ‘्या’ लावला तर साध्या र पासून ‘धुर्यावर’ होते, रफार डोक्यावर बसतो. येथे नमुना ‘वारा’ हवा, वारा, वाऱ्यावर. पापणीच्या र साठी वेगळी ओळ ज्या नियमांत असते, त्याच नियमाने धुरा चालतो. सामान्यरूप शिकवताना वर्गात डोळे मिटू लागतात, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आलो आहोत. त्या दिवशी ह्या एका रूपावर सारी मुले तावातावाने भांडत होती. व्याकरणाचा नियम आपल्या धुऱ्यावर लागू होतो आहे, हे त्यांना बहुधा प्रथमच दिसत होते.

सगळेच प्रश्न असे सुटले नाहीत. बोडी, बांधी, पऱ्हे, पुंजणे हे शब्द कोशात गेले. त्यांच्याविषयी दुमत नव्हते. पण झाडीबोलीत ण चा न होतो आणि ळ चा पुष्कळदा र होतो. पाण्याला ‘पानी’ आणि डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ह्या बोलीचा अभ्यास करून तिचा शब्दकोश सिद्ध केला, त्यामुळे ही रूपे अशिक्षितपणाची नसून बोलीच्या नियमाची आहेत हे आता नव्याने सिद्ध करावे लागत नाही. ती रूपे आमच्या कोशात घ्यावीत काय? घेतली, तर निवेदनात चुकून आलेले ‘पानी’ही निसटणार. न घेतली, तर आजीचे प्रत्येक वाक्य लाल. आमच्या सहकाऱ्यांत ह्यावर दोन तट पडले आणि अद्याप आहेत.

तूर्त आम्ही एक मधला मार्ग धरला. संवादांसाठी एक वेगळी अक्षरशैली केली आणि तिची भाषा अशी ठरवली, की त्या मजकुराची तपासणीच होऊ नये. हे काम यंत्र बिनतक्रार करते. परंतु त्यासाठी भाषांच्या यादीत जो पर्याय निवडावा लागतो, त्याचे नाव आहे ‘नन’, म्हणजे ‘कोणतीही नाही’. त्या यादीत मराठी आहे, कोकणी आहे, झाडीबोली नाही. आजीच्या बोलण्याला लाल रेघेपासून वाचवायचे, तर तिला भाषा नाही असे यंत्राला सांगावे लागते. आम्ही ते सांगितले, कारण अंक छापायला द्यायचा होता. ही तडजोड सोयीची आहे. ती न्यायाची आहे असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा तिच्या प्राचीनतेविषयी पुष्कळ बोलले गेले. तिची रुंदी किती, हा प्रश्न प्राचीनतेइतकाच महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर पुराव्यांच्या खंडांत जितके सापडेल तितकेच अशा क्षुल्लक याद्यांत शोधावे लागेल.

स्वतःच्या शब्दकोशाची फाइल साधीच असते. प्रणालीच्या ‘वर्डबुक’ नावाच्या फोल्डरात ती मिळते, कोणत्याही मजकूर-संपादकात उघडते आणि पेनड्राइव्हवरून एका यंत्रातून दुसऱ्यात नेता येते. विद्यार्थी आता ती आपापल्या गावी नेतात, घरच्यांना विचारून शब्दांची भर घालतात, नमुन्यावरून भांडतात आणि परत आणतात. त्या विद्यार्थिनीचा लेख बोडीसह आणि पऱ्ह्यांसह छापला गेला. फाइल उघडली की वरच्या काही ओळींत तिची ओळख दिलेली दिसते, आणि त्यांत भाषेपुढे मराठीची खूण आहे. खाली आडवी रेघ, आणि तिच्याखाली पहिल्याच काही ओळींत यंत्राने आपल्या रीतीने लिहिलेली नोंद: बोडी==गाडी. मधली ती दोन बरोबरीची चिन्हे केवळ प्रत्ययांपुरती आहेत, हे आम्ही जाणतो. तरी मुलांनी ती पाहावीत, असे आम्हांला वाटते.